सगळी मिळून एकच फाइल

बाबा जहाजावर इंजिनिअर होते आणि आईला रोज ईमेल पाठवायचे. ते वारून बरीच वर्षं झाली, पण आईच्या डोक्यातून ती गोष्टच पुसली गेली आहे. चहा झाला की ती विचारते, "आलं का ग पत्र?" मग मी जुन्यातलंच एखादं वाचून दाखवते. वाचलं की ती शांत होते. नाहीतर दार उघडून थेट बंदराची वाट धरते, आणि त्या रस्त्यावर ट्रक आंधळ्यासारखे धावतात. एकदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला म्हणून ती वाचली.

काल धाकट्या भावाने फोनवरून अक्कल पाजळली, "ताई, तुझ्या कॉम्प्युटरची धर्मशाळा झालीये. अँटिव्हायरस टाक." टाकला. आज दुपारी लाल चौकट उगवली. बाबांच्या पत्रांत व्हायरस सापडलाय, काढून टाकायचा का? म्हटलं, विचारतोस काय मेल्या, काढ! दाबलं बटण.

सगळी पत्रं गेली. एकूण एक.

मी धाकट्याला फोन लावला.

"अगं, ती सगळी पत्रं मिळून एकच फाइल होती," तो म्हणाला. "एका पत्राला व्हायरस चिकटलेला असणार, त्याच्यापायी अख्खी फाइल उडाली. कॉपी असेल ना?"

"कॉपी तू ठेवणार होतास!"

एरवी मी त्याला सोलून काढलं असतं, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"आलं का ग पत्र?" आतून आईची हाक आली.

मी तिला शेजारी बसवलं आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघत मनाचंच वाचू लागले. "प्रिय, तुझी फार आठवण येते. वेळेवर जेवतेस ना? जीवाला जप."

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"हे जन्मात असं गोड बोलले नाहीत," ती म्हणाली. "इंजिनाला शिव्या घालतील, माझ्या चुका काढतील. हे कोण लिहितंय?"

"आई, बाबाच..."

"ते गेले ना ग?"

मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तिला माझ्या तोंडावरून कळलं. बाबा गेल्याचं पहिल्यांदा कळलं तेव्हा फोडला होता तसाच हंबरडा तिने फोडला. मी तिला कवटाळून बसले आणि दाराची कडी लावली आहे ना ते बघितलं.

उद्यापर्यंत ती हे सगळं विसरेल. चहा झाला की पुन्हा विचारेल.