सरांची बचावफळी

“आत जायचं, तब्येत विचारायची, संत्री द्यायची आणि बाहेर यायचं.” गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये शिरायच्या आतच शोभनानं नवऱ्याला बजावलं. “पोरं प्रिन्सिपलसमोर बोललीत ना? मग खलास. तुम्ही आता हरिश्चंद्र व्हायला जाऊ नका.”

हेमचंद्रांनी गाडी पार्किंगमध्ये वळवली.

“मी कुणाशी बोलतेय? आपल्या ओवीचं दहावीचं वर्ष आहे. कॉलेजनं काढलं की व्हिसा गेला. महिनाभरात बोचकी बांधून कोल्हापूर.”

“कळतंय की मला. पण खोटं हाय ते, शोभना.”

“खोटं पोरांनी सांगितलंय. तुम्ही नाही.”

तेच तर आत जळत होतं. त्यांनी गाडी लावली, एसी बंद केला आणि किल्ली हातात घेऊन उगाच बसून राहिले.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड लावावं लागत नाही, ते पेठेतच लागतं. हेमचंद्र तिथे तालमीच्या संघात फुलबॅक खेळले, बीपीएड झाले आणि पुढे दुबईच्या या कॉलेजात स्पोर्ट्स टीचर म्हणून आले. तेव्हा कॉलेजची बचावफळी म्हणजे धर्मशाळा होती. कुणीही यावं, गोल मारावा, जावं. सगळ्यांना फॉरवर्ड व्हायचं होतं, केसांना जेल लावून फोटो काढायचे होते. जी पोरं कुणालाच नको होती ती हेमचंद्रांनी उचलली आणि अल क्वोजच्या गोदामांमागच्या मैदानावर अशी काही तासली, की शारजा-अबूधाबीची कॉलेजं म्हणू लागली, यांच्यावर गोल व्हायचा तर नवसच बोलायला हवा.

तालमीतल्या वस्तादांकडून मिळालेलं सगळं त्यांनी पोरांना दिलं. गोल खाल्ला तर तो सगळ्या फळीचा, एकाचं नाव घ्यायचं नाही. मैदानातलं बाहेर सांगायचं नाही. आणि कसरत चालू असताना पाणी नाही. तालमीत घामाघूम पोरानं पाण्याला तोंड लावलं तर वस्ताद लाथ घालायचे. पाण्यानं पोट जड होतं, दम तुटतो, असं त्यांचं म्हणणं. हेमचंद्रांनी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. वस्तादांचा शब्द कुणी तपासतं का? कोल्हापूरच्या गार पहाटेला ते खपून गेलं. दुबईच्या सप्टेंबरातल्या दमट दुपारी त्यांनी तेच चालवलं, आणि टीम जिंकत होती म्हणून कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी प्रॅक्टिसला सुजीतनं मात्र विचारलं होतं. लेफ्ट बॅकचा पोरगा, कधी तक्रार न करणारा. “सर, थोडं पाणी?”

“पाणी? मग फॉरवर्डला जा की लेका! तिकडं लाडोबा असतात.”

सगळी हसली. सुजीतही हसला आणि पळत जागेवर गेला. थोड्या वेळानं तो भलतीकडेच धावायला लागला, मग गुडघ्यांवर आला, मग आडवाच झाला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. उष्णतेनं किडन्या बंद पडल्यात, डॉक्टर म्हणाले. डायलिसिसवर ठेवू, इन्शाल्ला सुरू होतील, पण फुटबॉल विसरा.

प्रिन्सिपलनी चौकशीला बोलावलं तेव्हा फळीतली पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. “सर तो रोज चिल्लाते हैं, पानी पियो, पानी पियो,” कॅप्टन वली शांतपणे म्हणाला. “सुजीत ही नहीं सुनता था.” तन्मयनं मान डोलावली, “येस सर. ही इज स्टबर्न.” शुद्धीवर आल्यावर सुजीतनंच त्यांना हे पढवलं होतं. प्रिन्सिपलना हायसं वाटलं. हेमचंद्रांनी तोंड उघडलं, डोळ्यांपुढे ओवी आली, आणि त्यांनी ते मिटलं. स्वतःची इतकी किळस त्यांना आयुष्यात आली नव्हती.

हॉस्पिटलच्या खोलीत वली आणि तन्मय भिंतीशी उभे होते. सुजीतच्या मानेत नळी होती, चेहरा सुजलेला. त्याचे वडील सूर्यकांत रास अल खोरला एका गोदामात स्टोअरकीपर होते, तिथूनच कंपनीच्या शर्टात आले होते. सरांना बघताच ते खुर्चीवरून उठले.

“बसा सर, बसा. वहिनी, या.” त्यांनी हात जोडले. “तुमच्यापुढे तोंड दाखवायची लाज वाटते. मुलखाचा हेकट कार्टा! तुम्ही घसा फोडून सांगायचं आणि यानं ऐकायचं नाही. तुमच्या नावाला उगाच बट्टा लागला.”

शोभनानं नवऱ्याची बाही हळूच ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

“सूर्यकांतराव, त्यानं पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही.”

सूर्यकांतांचे जोडलेले हात खाली आले.

“मीच बंदी घातली होती. त्याच दिवशी नाही, पहिल्यापासून. वर त्याची टिंगल केली मी, सगळ्यांसमोर. पोरं खोटं बोलाल्यात.”

“पप्पा, नाही,” सुजीत घाईनं म्हणाला. आवाज चिरका निघाला. “सर उगाच बोलतायत. माझी चूक होती.”

“अंकल, सर तीन रात से सोये नहीं,” वली म्हणाला. “अपने ऊपर ले रहे हैं.”

“ही ऑल्वेज डझ दॅट,” तन्मय म्हणाला.

“गप्प बसा रे!” हेमचंद्र ओरडले. “तुमच्या पाया पडतो, खरं सांगा यांना! शोभना, तू तरी सांग की!”

शोभनानं संत्र्यांची पिशवी घट्ट धरली होती. तिनं खाली बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली नाही.

सूर्यकांतांनी पुढे येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवला. “सर, पुरे. कळलं मला. एवढी नोकरी, बायको-मुलगी, सगळं पणाला लावून माझ्या पोरावरचा आळ अंगावर घेताय? असा माणूस मी नाही बघितला.”

“अहो, आळ नाही तो—”

“पुरे म्हणतो ना.” ते कॉटकडे वळले. “बघ सुजीत. डोळे उघडून बघ. असे गुरू मिळाले तुला आणि तू त्यांना हे दिवस दाखवलेस. माफी माग सरांची.”

“नको,” हेमचंद्र म्हणाले. “नको, सूर्यकांतराव, हात जोडतो.”

“माग म्हणतो ना!”

सुजीतनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एका हाताला सलाईन होती, त्यामुळे दोन्ही हात जोडता येईनात. त्यानं मोकळा हात छातीशी नेला आणि सरांकडे बघून म्हणाला, “सॉरी, सर.”