छापलेली गाठ

आमच्या मिठाईच्या दुकानाची नवी वेबसाइट जूनच्या एक तारखेला सुरू झाली आणि दहा दिवसांत एकशे चौदा गिऱ्हाइकांनी मत कळवलं. मी ती सगळी मतं छापून तारखेवार लावून ठेवली. बावीस वर्षं ऑर्डरींचं टेबल सांभाळलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. 'फोटो बघून योकानच्या वडीला पडद्यावरच चाटावंसं वाटलं.' 'अक्षरं मुंग्यांएवढी.' एका आजोबांनी तक्रार पोस्टाने धाडली, कारण तक्रार कुठे लिहायची हेच त्यांना सापडेना.

मालक कुझुमी-सान खूश होते. वडिलांच्या गादीवर बसून त्यांना दोनच वर्षं झालेली.

"ओरिए-सान, तुमची जुनी वेबसाइट म्हणजे अडगळीचा माळा होता."

माळा होता खरा, पण भेटीच्या खोक्यावर गुंडाळायच्या कागदावर कुठली दोरी आणि गाठ छापायची, यासाठी तिथे तीन बटणं होती. दुःखासाठी काळी-पांढरी दोरी. बाळ झालं, घर बांधलं, बढती मिळाली, तर लाल-पांढरी दोरी आणि फुलपाखरी गाठ. ओढली की सुटते, म्हणजे असं पुन्हा पुन्हा घडो. लग्नासाठी आणि दुखण्यातून उठलेल्यासाठी दोरी लाल-पांढरीच, पण गाठ घट्ट, न सुटणारी. एकदा झालं ते झालं, परत नको. टोकियोच्या डिझाइनवाल्यांनी तिनाची दोन केली: 'आनंद' आणि 'दुःख'. 'आनंद' दाबलं की यंत्र आपलं आपण फुलपाखरी गाठ छापतं.

बैठकीत ते दाखवलं तेव्हा मी हजर होते. तिसरं बटण नाही हे मला दिसलं. पण मालक मान डोलावत होते, म्हणून सगळं टेबल डोलावत होतं. मीही डोलावली. म्हटलं, नंतर कोणीतरी सांगेल.

एकशे पंधरावं मत फोनवर आलं. हिराबायाशी-सान, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एप्रिलमध्ये त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. इस्पितळात भेटून गेलेल्या सव्वीस जणांना त्यांनी परतभेट म्हणून योकान, ती लाल कडधान्याची गोड वडी, पाठवली होती. अशा वेळी खाऊन संपणारीच वस्तू देतात, म्हणजे दुखणंही संपलं.

"ओरिए-सान, कामात असाल. आमच्या नणंदबाई म्हणाल्या, कागदावर फुलपाखरी गाठ होती. त्यांची नजर जरा अधू आहे. तसंच काही असेल ना?"

ऑर्डर माझ्या समोर होती. आनंद. सव्वीस खोकी.

"शुक्रवारी यांची तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून आपलं विचारलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी आमच्याकडे माफीचे चार मसुदे तयार असतात. घाबरलेल्यासाठी एकही नाही.

"त्यांची नजर ठीक आहे," मी म्हटलं. "चूक आमची आहे. माझीच आहे."



"मग सव्वीस घरांत..." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "छापील गाठीने कोणाचं हृदय बंद पडत नाही, ओरिए-सान."

"तुमच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटांवर फुलपाखरी गाठ चालली असती?"

त्यांनी चहा खाली ठेवला. "गाडी काढतो," ते म्हणाले.

तिसरं बटण त्याच संध्याकाळी परत आलं. सव्वीस घरांना मात्र दोन दिवस लागले. प्रत्येक दारात आम्ही कमरेतून वाकायचो, घट्ट गाठीचं नवं खोकं पुढे करायचो, आणि आतून उत्तर यायचं, "अहो, आमच्या लक्षातच आलं नाही." आमची माफी पुरती व्हायच्या आतच यायचं. एका दाराशी कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत तो कागद दिसला. बारीक बारीक तुकडे केलेले, वर मूठभर मीठ, अशुभ घालवायला टाकतात तसं.

जुनं खोकं परत मागितलं की ते कोपऱ्यातून निघायचं. मी मोजत गेले. सव्वीसपैकी तेवीस घरांत योकान उघडलेलीच नव्हती. एवढी माणसं, एकमेकांना न विचारता, त्या वडीला हात लावायला घाबरली होती.  

शुक्रवारी दुपारी फोन वाजला तो मी पहिल्याच घंटेला उचलला.

"डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे," हिराबायाशी-सान म्हणाल्या.

मालक खुर्चीत मागे रेलले. "झालं, सुटलो," ते पुटपुटले.

"पण एक विचारू?" फोनमधला आवाज अजून तसाच बारीक होता. "नवी योकान खाल्ली का हो सगळ्यांनी? पुढची तपासणी सप्टेंबरात आहे."

दिलेली भेट खाल्ली का, असं आमच्यात देणाऱ्याने घेणाऱ्याला विचारायचं नसतं. त्यांना तर त्या घरांत स्वतः ते विचारताच आलं नसतं.

"मी विचारून सांगते," मी म्हटलं, आणि यादीतला पहिला नंबर लावला.

तो नणंदबाईंचा होता. 

"देवघरात ठेवलीय," त्या म्हणाल्या. "सप्टेंबर जाऊ दे. वहिनीला मात्र सांगा, खाल्ली म्हणून."