चौदा टक्क

“पेनबिन काय नको मला. पोरगं हाय की इन्सुलिन टोचायला!” आप्पा म्हणाले.

“पोरगं म्हणजे काय नोकर हाय का?” भैरू खुर्चीवरून उठलाच. “कधी मलाबी विचारा ना.”

“बस खाली. डॉक्टरांसमोर आवाज चढवतो.”

“दोघंही बसा,” डॉक्टर नसीम म्हणाल्या. “बाहेर पेशंट ताटकळलेत. त्यांना तुमचं भांडण फुकट ऐकायला मिळतंय.”

भैरू बसला, पण गुडघा हलतच राहिला, खुर्ची कुरकुरत राहिली. खिशातला फोन पुन्हा थरथरला. रज्जाकभाईच असणार. त्यांचा ट्रक दुपारी येरवड्यात माल भरून नागपूरला सुटणार होता आणि त्यांनी भैरूला क्लीनर म्हणून बोलावलं होतं. शाळा सोडल्यापासून असं कुणी आपणहून बोलावलं नव्हतं. पण नागपूर म्हणजे बाहेरचे मुक्काम, आणि भैरूला खराडीबाहेर एक रात्र काढायची सोय नव्हती. आप्पांची नजर साखरेनं खाल्ली होती. सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. आई आयटी पार्कात सफाईला. उजाडायच्या आत जायची ती दिवे लागल्यावर यायची, आणि सुई बघितली की तिला घेरी यायची. म्हणून सकाळी जेवायच्या आधी भैरू, संध्याकाळी जेवायच्या आधी भैरू. मॅच अर्धी टाकून भैरू, मित्राच्या बहिणीच्या हळदीतून उठून भैरू. तो पोचेपर्यंत आप्पा पुढ्यात ताट घेऊन बसलेले असायचे. शिवायचे नाहीत. सुईपेक्षा त्याला त्या ताटाचाच जास्त राग यायचा.

“इन्सुलिनचा पंप म्हणजे चोवीस तास अंगाला यंत्र,” डॉक्टर सांगत होत्या.

“म्हशीगत दावणीला बांधून घेऊ व्हय?” आप्पा म्हणाले.

भैरूनं खुर्चीचं फाटकं रेक्झिन नखानं आणखी उचकटलं.

“राहिलं पेन. मागची कळ फिरवली की एकेका युनिटला टक्क वाजतं. तुम्हाला चौदा लागतात, चौदा टक्क मोजायचे. सुरुवातीला शेजारचं कोणीतरी आकडा बघून घेईल. पण आधी इथं करून दाखवायचं. नाहीच जमलं तर आहे तेच चालू ठेवू.”

डॉक्टरांनी सरावाचं पेन आप्पांच्या हातात दिलं, दुसऱ्या हातात एक स्पंजचा तुकडा. तेवढ्यात कंपाउंडरनं दारातून हाक मारली आणि त्या तिकडे वळून बोलू लागल्या.

आप्पांनी मान खाली घातली. कळ फिरू लागली. टक्क, टक्क, टक्क. घाई नाही, अडखळणं नाही. म्हशींच्या धारा काढून काढून कसलेली बोटं ती. कळ थांबली. भैरूनं वाकून पेनाच्या छोट्या खिडकीत बघितलं. चौदा. एकदम बरोबर.

त्याचा गुडघा हलायचा थांबला.

आप्पांनी मान त्याच्या दिशेनं किंचित वळवली. जणू खुर्चीची कुरकुर का थांबली ते ऐकत होते. मग अंगठ्यानं कळ हळूच उलटी फिरवली.

“बघू,” डॉक्टर परत वळल्या. “नऊ? अहो, चौदा सांगितलं होतं मी.”

“कुठं जमतंय मॅडम. आडाणी बोटं आमची.”

डॉक्टरांनी उसासा टाकला आणि लिहायला कागद ओढला.

खोटं बोलतायत हे! भैरूच्या अगदी जिभेवर आलं. घरी असता तर त्यानं हातातली वस्तू भिंतीवर आपटली असती. तो उठला, तोंड उघडलं, आणि त्याला आप्पांचा दुसरा हात दिसला. स्पंजचा तुकडा त्यांनी मुठीत इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुणीतरी तो काढून घेणार असल्यासारखा.

“मॅडम,” भैरू म्हणाला. आवाज त्याला वाटला तेवढा चढला नाही. “एकदा परत करू द्या त्यांना. मी बाहेर थांबतो. माझ्यामुळं चुकतंय त्यांचं.”

“हिथंच बस की,” आप्पा म्हणाले.

तो बसला नाही. दार अर्धवट लोटून भिंतीला टेकून उभा राहिला. बाकावरची माणसं त्याच्याकडे बघत होती. बघेनात का.

आत खुर्ची सरकली. मग टक्क. थोडं थांबून टक्क, टक्क. भैरू भिंतीवर बोटानं मोजत गेला. खिशात फोन थरथरत होता, तो त्यानं मुठीत दाबून धरला. चौदाव्याला आवाज थांबला.

कळ पुन्हा उलटी फिरल्याचा आवाज येतो का, याची तो वाट बघत राहिला. आत फक्त पंखा खडखडत होता.

“भैरू,” आतून आप्पांनी हाक मारली, “हायस का रं भाईर?”

“हाय, आप्पा,” तो म्हणाला. “पण मला आता निघायला पाहिजे.”