जिन्याखालचं दार

बाईंचा आवाज असा की तावातावाने भांडत आलेला माणूसही चौथ्या आकड्याला जांभई देई. घरोघरच्या भांडणांवर संमोहनाचा उतारा देण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. अख्खं कुटुंब समोर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, दहापासून एकपर्यंत मोजत मनातला जिना उतरवायचा आणि खालच्या दाराआड कोण उभं आहे ते बघायला सांगायचं. घरातल्या एकाने मात्र डोळे उघडे ठेवून जागं राहायचं, हा त्यांचा नियम. कोणी जिन्यातच अडकलं, तर जागल्याने एकपासून दहापर्यंत मोजून त्याला वर आणायचं. बाई स्वतः एकट्या राहत. त्यांच्या घरी जागल्या नव्हता.

मुलगी चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. "तू माझ्याशी कधी भांडत का नाहीस? मी काय तुझी पेशंट आहे?" असं विचारून गेली. तेव्हाही बाईंनी मऊ, सावकाश आवाजात सांगितलं होतं, की तुझा राग मला समजतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आज समोर बाप, आई आणि सोळा वर्षांची ठमी होती. ठमीने बापाशी सहा महिने अबोला धरला होता. डोळे मिटायला तिने साफ नकार दिला, म्हणून जागल्याचं काम तिच्याकडे आलं. बाई मोजू लागल्या. पण त्यांचं चित्त सकाळपासूनच थाऱ्यावर नव्हतं. आज त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. चारपर्यंत त्यांचे डोळे उघडे होते. तीनला मिटले. एकला त्या स्वतःच दारापाशी पोचल्या.

"उघड ना गं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी भांडायला आलेय."

बापाने दचकून डोळे उघडले. ठमीने त्याला खुणेने गप्प केलं, बाईंचा हात धरला आणि मोजायला सुरुवात केली. पाचाला बापही तिच्याबरोबर मोजू लागला, पण घाईघाईने.

"हळू मोजा, बाबा," ठमी म्हणाली. "पडतील त्या."

बापाने पुढचे आकडे तिच्या लयीत, हळू मोजले. दहाला बाईंनी डोळे उघडले. आई डोळे पुसत होती.

ती माणसं एकमेकांशी बोलत निघून गेली. बाईंनी तिन्ही खुर्च्या भिंतीला लावल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त ठमीच्या बापाचा हेवा वाटत होता. आवाज मोकळा आहे तोवर बोलून घ्यावं म्हणून त्यांनी मुलीला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदाच तो उचलला गेला.

"हॅलो."

बाईंचा जीव गलबलला. पण तोंडातून वीस वर्षांच्या सवयीचे मऊ, सावकाश शब्दच बाहेर पडले. "बाळा, मी बोलतेय. तुला आत्ता काय वाटतंय?"



"मला वाटलं, आईचा फोन आहे," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"अगं थांब, कार्टे, ठेवू नकोस!" बाई ओरडल्या. आवाज घोगरा होता, फाटका होता, त्यांचा स्वतःचा होता. तो ऐकायला खोलीत तीन खुर्च्या होत्या.