सोनाजी, ये

सखुबाईची अडचण अशी होती की हसावं की रडावं. नातीनं, सृष्टीनं, घरात दोन पाखरं पाळली, कॉकाटील या पोपटाच्या जातीची, डोक्यावर पिवळा तुरा. मादीचं नाव राणी ठेवलं, ते ठीक. नराचं नाव मात्र पोरीनं ठेवलं सोनाजी. काहून, तर तो आजोबासारखा गाल फुगवून बसतो म्हणे! आजोबाला, म्हणजे खऱ्या सोनाजीला, याचं केवढं कौतुक. पण सखुबाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढलेलं नव्हतं. आता पाखराला हाक मारायची कशी?

सृष्टी शिस्तीची मोठी पक्की. दोन पाखरं एका घरात शिकवायची तर नियम बराबर पाळायचा, असं तिनं आजीला बजावलं होतं. ज्याचं नाव घेतलं त्यानंच हातावर यायचं, सूर्यफुलाचं बी त्यालाच. दुसऱ्याचं नाव असलं की जागचं हलायचं नाही. आधी दोघं एकदमच झेपावायची अन् एकमेकांचे तुरे ओढायची. पण पोरीनं चिकाटी सोडली नाही, आणि पाखरं अशी शहाणी झाली की अर्धं गोरेगाव दारात बघायला येऊ लागलं. सखुबाईही हौसेनं शिकवायची, पण राणीलाच. सोनाजीला तिनं एकदा नुसतं 'अहो' म्हणून पाहिलं. पाखरू ढिम्म हललं नाही, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीतून नवरा 'काय व्हय?' करत हजर झाला.

त्या दुपारी सृष्टी शाळेत होती. पाखरं घरात मोकळी, सखुबाई झाडून घेत होती आणि दाराला कडी घालायची राहून गेली. वाऱ्यानं दार उघडलं अन् सोनाजी भुर्रकन बाहेर, थेट समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर. सखुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पंख फुटायच्या आधीपासून चमच्यानं भरवून वाढवलेलं ते पाखरू, आता लेकराला तोंड कसं दाखवायचं?

तिनं राणीला पिंजऱ्यात घातलं आणि पिंजरा घेऊन अंगणात धावली. जोडीदारीण दिसली की येईल खाली, असा तिचा हिशेब. "राणी, ये" म्हणून तिनं हाक दिली. राणी जाळीशी आली, बी खाऊन मोकळी झाली. वर सोनाजी नुसता बघत राहिला. पुन्हा हाक, पुन्हा तेच. आणि मग सखुबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, दुसऱ्याचं नाव चाललंय म्हणून तर तो गप बसलाय! नातीची शिकवण आता अंगाशी आली होती.

तोवर कावळे जमले. आधी एक, मग चारपाच. समोरचा तातेराव बांबू घेऊन धावला, गल्लीतल्या बाया बाहेर आल्या, जो तो सल्ले देऊन राहिला. एका कावळ्यानं झडप घातली आणि एक पिवळं पीस तरंगत खाली आलं. नाव घ्यायचंच तर रीतीनं घ्यावं, म्हणून तिनं घाईघाईत उखाणा सुरू केला, "हिरव्या हिरव्या लिंबाला..." पण यमक जुळेस्तोवर कावळे थांबणार होते का? दुसरी झडप आली. नेमकी त्याच घडीला लाईट गेली, गिरणीची घरघर थांबली. सखुबाईनं डोळे गच्च मिटले आणि जीव खाऊन ओरडली,

"सोनाजी, ये!"

गल्लीतल्या बायांनी तोंडावर पदर धरला. पाखरानं फांदी सोडली, कावळ्यांच्या मधून सुर्रकन खाली आलं आणि तिच्या मनगटावर बसलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं. बायांनी टाळ्या पिटल्या, तातेरावनं बांबू नाचवला.

तेवढ्यात गिरणीतून खरा सोनाजी पळत आला, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा, एका पायात चप्पल. बायकोनं नावानं हाक मारली म्हणजे काहीतरी आक्रीत घडलं, एवढंच त्याला कळलं होतं. पदरातलं पाखरू बघितलं तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. तरी तो जागचा हलेना.

"सखू," तो म्हणाला, "एकदा अजून म्हण की."

तिनं आजूबाजूला पाहिलं. गल्ली सगळी उभीच होती. तिनं म्हटलं, हळूच. नाव ऐकून पदरातल्या पाखरानं दाण्यासाठी चोच बाहेर काढली, पण ही हाक त्याला नव्हती.