बसव्वांच्या हळदीच्या चार रेघा

मी धनलक्ष्मी, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल कारखान्याची लॅब सांभाळते. माझं डोकं लवकर तापतं, आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी तर भडकाच उडाला होता. टॉवेलचा रंग पक्का करणारी पावडर आम्ही २००९ पासून विकतोय. एका बड्या कंपनीनं २०१६ला तिचंच पेटंट घेतलं, वर आम्हालाच नोटीस, बनवणं बंद करा! ती बंद म्हणजे कारखान्याला कुलूप. पेटंटआधीच ती विकली जात होती हे दाखवलं तर पेटंट रद्द होतं, म्हणून आम्ही कोर्टात गेलो. जुनी बिलं होती, पण तेव्हा विकलेली पावडर हीच, हे दाखवायचं कशावरून? पहिल्या बॅचची एकच बाटली उरली होती. स्टोअर बघणाऱ्या बसव्वा दर खंडेनवमीला तिची पूजा करायच्या, म्हणून उरली.

तिच्यातली चिमूट पुण्याला एनएमआरला दिली. त्या मोठ्या चुंबकात पदार्थातले हायड्रोजन आपापल्या जागी रेघा उठवतात. रेघा जुळल्या की पदार्थ तोच. बाटलीतल्या सगळ्या आमच्या आजच्या पावडरशी जुळल्या, पण चार बारीक रेघा जास्तीच्या निघाल्या. सुनावणीत समोरचा तज्ज्ञ गोड हसला, म्हणाला हा पदार्थच वेगळा. असा राग आला म्हणून सांगू!

पुढची तारीख दहा दिवसांवर. बाटलीत दुसरं काहीतरी पडलंय, असं मी बसव्वांना सांगितलं, तर त्या पूजेची हळदीची डबीच घेऊन आल्या.

"धनाक्का, पैल्या वर्षी झाकण काढून चिमूटभर हळद मीच आत टाकली हुती. वरनं लावली की पुसून जाती की. आता माज्यामुळं कारखाना जातूय व्हय?"

खरं तर मी त्यांच्यावर तापायला हवं होतं. पण मी त्यांच्या हातातली हळदीची डबीच ओढून घेतली आणि सकाळच्या गाडीनं पुणं गाठलं. पडद्यावर हळदीच्या रेघा उठल्या. माझ्या चारही तिथंच, केसभर इकडं नाही की तिकडं नाही! मी तिथंच नाचले, लोक बघत होते तरी.

सुनावणीत दोन्ही कागद एकावर एक धरून दाखवले. तज्ज्ञानं चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि जास्तीच्या रेघा हळदीच्या, बाकी पावडर तीच, हे कबूल केलं. पेटंट रद्द झालं.

यंदाच्या खंडेनवमीला नवी बाटली मांडली, तर बसव्वा हात मागं बांधून लांब उभ्या. हळदीला शिवेनातच. मी ती बाटली सील करून कपाटात ठेवली आणि शेजारी दुसरी मांडली.

"ती कोर्टाची. ही तुमची," म्हणाले, आणि झाकण मीच काढून दिलं.