तातेरावाचा कान

तातेराव आंधळा होता आणि आमच्या गावानं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. हिंगोलीकडं जाणारा रूळ गावाला खेटून जातो, चराईचं रान रुळापलीकडं. नुसत्या आवाजावरून तातेराव गाडी कुठवर आली ते सांगायचा. त्या कानाच्या भरवशावर सगळ्यांनी आपापल्या शेळ्या त्याच्याकडं चारायला दिल्या होत्या. सरपंचानं एकदा शाल-नारळ दिला, तेव्हापासून तर त्याची मान ताठच.

बायको चतुराबाई डोळस. कळपापुढं तीच चालायची, पण रूळ आला की थांबून नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची. एकदा तिनं गाडी येतेय, थांबा, असं म्हटलं तर त्यानं चारचौघांत तिच्या पाठीत काठी घातली. गाडी खरंच लांब होती. गाव पोट धरून हसलं. पुढं कित्येक वर्षं ती रुळाजवळ बोलली नाही.

कानाची करामत साधी होती. गावाआधी मोठा चढ आहे. मालगाडीला दोन इंजिनं लागायची आणि चढाला भिडली की दोन्ही कण्हायची. कण्हणं सुरू व्हायच्या आत रूळ ओलांडला की शेळीच्या शेपटीलाही धक्का नाही.

मग कुठल्याशा कंपनीनं नमुना म्हणून एकच दांडगं डिझेल इंजिन बांधलं. दोघांचं काम एकटं करतं हे दाखवायला चाचणी आमच्याच चढावर ठेवली. ही बातमी देविदासच्या पिठाच्या गिरणीवर चतुराबाईच्या कानावर पडली. सकाळी तिनं भीतभीत सांगितलं, आज नवं इंजिन येणार म्हणतात, कळप उशिरा काढू. इंजिन ते इंजिन, म्हणत तातेरावानं काठी उचलली.

रुळाशी येऊन त्यानं कान दिला. आवाज येत होता, पण मोकळा, एकसारखा. कण्हणं कुठंच नव्हतं. त्याच्या हिशेबानं गाडी अजून सपाटीला होती. खरं तर ती निम्मा चढ चढून आली होती.

"अवो, दिवा दिसून राहिला," चतुराबाई म्हणाली.

"तुला दिसतं, मला कळतं. चल."

तिनं आमच्याकडं पाहिलं. इंजिन बघायला आम्ही सगळे बांधावर जमलो होतो. एकानं जरी हाक मारली असती तरी ती थांबली असती. पण तातेरावाचा कान आजवर चुकला नव्हता, आणि आज चुकतो का याची मजाही बघायची होती. ती रुळावर चढली. मागून तातेरावानं कळप हाकला. भोंगा वाजला तशा शेळ्या जागीच बावरल्या. चतुराबाई सुटली असती, पण ती शेळ्या ओढत राहिली. त्या गावाच्या होत्या ना.

गाडी थांबेपर्यंत चढ संपला होता. कंपनीच्या साहेबांनी उतरून इंजिनाचं तोंड तपासलं. चढावर वेग जरासुद्धा उतरला नाही म्हणून ते खुशीत होते.

गाव धावत आलं. चतुराबाईकडं तिची शेजारीण मिराबाई तेवढी गेली. बाकीचे सुरे आणि घमेली घेऊन आले, तडफडणाऱ्या शेळ्या वाया जाऊ नयेत म्हणून. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते असं.

चतुराबाईला चिरफाडीसाठी हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, ती सकाळी मिळणार होती. संध्याकाळी आम्ही तातेरावाच्या दारात बसायला गेलो. त्या घरात चूल पेटणार नव्हती, तरी देविदासनं तातेरावाच्या वाट्याचं मटण बराबर आणून ठेवलं. तेवढ्यात तेच इंजिन परत येऊ लागलं. देविदासला राहवलं नाही. आम्हाला डोळा मारून तो म्हणाला, "तातेराव, सांगा बरं, कुठवर आलं?"

तातेरावानं सवयीनं मान वर केली. बराच वेळ ऐकलं. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं तोंड वळवलं.

"चतुरे," तो म्हणाला, "तुला काय दिसून राहिलं?"

कुणी हसलं नाही. घरोघरी कालवण निवत होतं, म्हणून आम्ही उठलो.